दोन इंच खाली

लोहाऱ्यात मोटारसायकल ‘बसवायची’ असेल, म्हणजे तिची मागची बाजू दोन-तीन इंच खाली आणायची असेल, तर तहसीलच्या मागं गोरोबा मिस्त्रीकडं जावं लागतं, आणि जाताना घरची सगळी माणसं घेऊन जावी लागतात. नवख्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. तो ऐटीत येतो, गाडी उभी करतो आणि म्हणतो, “मिस्त्री, मागनं जरा खाली घ्या. मी एकटाच फिरवतो.” गोरोबा हातातला पानासुद्धा खाली ठेवत नाही. “एकटाच हाईस तर पायी फिर,” म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो.

मग ते गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बायको, दोन लेकरं आणि सासू यांना घेऊन हजर होतं. गोरोबा सगळ्यांना गाडीवर बसवतो. सासूच्या मांडीवर पेंडीचं पोतं देतो. गिऱ्हाइकाला म्हणतो, “आता उड्या मारा.” आणि स्वतः जमिनीवर उताणा पडून टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटं घालून बघत राहतो. समोर जीपगाड्या माणसं भरायला उभ्या असतात. ड्रायव्हर लोकांना फुकटचा तमाशा मिळतो. “मिस्त्री, घराण्याचा फोटो काढायलाव का?” असं कोणीतरी ओरडतंच. सासू लाजते, लेकरं खिदळतात. गोरोबा मात्र एकदाही हसत नाही.

गाडी बसवून घेणारे सगळेच काही शौकीन नसतात. शौकीन पोरं येतात, नाही असं नाही. त्यांना गाडी इतकी खाली हवी असते की कोंबडीनंसुद्धा तिच्यावरून उडी मारून जावं. पण जास्त येतात ते गुडघ्यांनी दगा दिलेले म्हातारे, ज्यांचा पाय गाडीवरून पलीकडं जात नाही. बुटके शिक्षक येतात. एकदा एक तलाठी आला होता, त्याचे अंगठे तेवढे जमिनीला लागायचे आणि सिग्नल नसलेल्या गावातही तो उभं राहायला घाबरायचा. गोरोबानं सगळ्यांचे पाय जमिनीला टेकवले. नुसते आखूड शॉकअप, म्हणजे मागचे स्प्रिंगचे दांडे, टाकून काम होत नाही. पुढचे पाइपही तेवढेच वर सरकवावे लागतात, साइड स्टँड कापून लहान करावा लागतो, चेन नव्यानं ताणावी लागते. दुसरा मिस्त्री दोन तासांत करून देतो. गोरोबाला दोन दिवस लागतात. लोक म्हणतात, म्हातारपणी माणूस विक्षिप्त झाला.

म्हातारपण कसलं, पंचावन्न वर्षांचा आहे तो. वडील बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धाव चढवायचे. लाल तापलेली धाव लाकडावर बसवून वरून पाणी ओतायचं, की ती आवळून बसे ती बसेच. पंचक्रोशीत त्यांच्या हातची धाव कधी निसटली नाही, असं सांगतात. बैलगाड्या कमी झाल्या तेव्हा गोरोबा चौदाव्या वर्षी सोलापूरला गॅरेजात गेला आणि आठ वर्षांनी पान्यांची पेटी घेऊन परत आला. बापाचा ताठा मात्र त्यानं गॅरेजात जायच्या आधीच उचलला होता. माझ्या हातचं काम सुटून आलं असं दाखवा, म्हणायचा. आता असं म्हणत नाही. सात वर्षं झाली, म्हणत नाही.

सात वर्षांपूर्वी गौरीशंकर नावाचा एक पोरगा त्याच्या दुकानात दोन महिने रोज संध्याकाळी यायचा. सव्वीस वर्षांचा, डाळमिलमध्ये कामाला, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेला. घरी आई मल्लम्मा आणि बायको शिवगंगा. भंगारातून घेतलेली एक जुनी मोटारसायकल त्याला आपल्या मनासारखी बांधायची होती. टाकी एका गाडीची, हँडल दुसऱ्या गाडीचं, मागं रुंद टायर, मडगार्ड कापून निम्मं केलेलं. गोरोबाला मूलबाळ नाही. हा पोरगा पाना धरायला शिकला, वेल्डिंगच्या ठिणग्यांकडं डोळे फाडून बघायला लागला, आणि गोरोबाच्या घरून दोघांचा चहा यायला लागला. गोरोबाची बायको गजराबाई चहाबरोबर कधी शेंगदाण्याचे लाडू पाठवायची. गोरोबाला ते दोन महिने फार आवडले होते. असं तो कोणाजवळ बोलला नाही, पण तसं होतं खरं.

शेवटचं काम राहिलं होतं मागची बाजू खाली घ्यायचं. लहान गाडीचे आखूड शॉकअप आणून त्यानं टाकले. दोन इंच खाली. गौरीशंकर गाडीवर बसला, गोरोबानं फटीत बोटं घातली, चार बोटं आरामात बसली. “एकटाच फिरवणार न्हवं?” त्यानं विचारलं. “व्हय काका, शौकाची गाडी हाय,” पोरगा म्हणाला. अंधार पडत आला होता. नंबर प्लेटचा एक बोल्ट मडगार्डाच्या बाहेरून घातला गेला होता, म्हणजे त्याचं टोक आत, टायरच्या बाजूला राहिलं होतं. तो आतून घालायला हवा होता. गोरोबाला ते दिसलं होतं. सकाळी करू म्हणाला.

आणि सकाळी येळवस होती.

मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आपल्या भागात सगळे रानात जातात आणि गावं ओस पडतात. घरात थांबतो तो आजारी तरी असतो नाहीतर चोर तरी. तिथं कडब्याची कोप, म्हणजे लहान खोपी, करून पूजा करायची, मिसळ भाज्यांची भज्जी आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील पोटभर घ्यायची, येईल त्याला बोलावून वाढायचं. त्या दिवशी रस्त्यावर एका माणसाची मोटारसायकल शोधून सापडत नाही. एकेका गाडीवर आजी, सून, लेकरं, टोपल्या, आंबिलीचा माठ. इथंच जन्मलेल्या, इथंच वाढलेल्या, इथल्याच गाड्यांना हात लावून पोट भरणाऱ्या माणसाला येळवशीच्या आदल्या संध्याकाळी एवढी साधी गोष्ट सुचू नये! गोरोबाला याचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

गौरीशंकरनं पहाटेच दुकानापुढून गाडी नेली. पहिल्या खेपेला आईला आणि टोपल्यांना रानात पोचवलं. दुसऱ्या खेपेला कडबा आणि भांडी. तिसऱ्या खेपेला मागं शिवगंगा आडवी बसली, मांडीवर आंबिलीचा भरलेला माठ. कच्चा रस्ता संपून डांबरी लागली तसा त्यानं वेग वाढवला. आंबील हिंदकळून तिच्या साडीवर सांडली. ती म्हणाली, “सावकाश.” तो हसला. पुढच्या वळणावर मागचं टायर फुटलं आणि गाडी डाव्या अंगावर पडली, शिवगंगेच्या पायावर.

सोलापुरात दोन ऑपरेशनं झाली. पाय वाचला, पण दोन इंच आखूड झाला.

मोडलेली गाडी गोरोबाच्याच दुकानात आणून टाकली होती. त्यानं चाक खोललं. टायरच्या मधोमध गोल फिरलेली एक चर होती, बोट जाईल एवढी. आणि त्या उलट्या बोल्टाचं टोक रोज घासलेल्या पळीसारखं चकाकत होतं. ओझ्यानं गाडी खाली बसली, की बोल्ट टायरला टेकत होता. तीन खेपा तो टायर कापत होता. गोरोबा चाक मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला.

सांगायला म्हणून तो दवाखान्यात गेला होता. तिथं व्हरांड्यात गौरीशंकर येईल त्याला एकच सांगत होता, “ती सावकाश म्हणाली हुती. म्या ऐकलं न्हाय.” लोक मान हलवत होते. तरणं रक्त, म्हणत होते. गोरोबाची जीभ उचललीच नाही. आज तिचं ऑपरेशन आहे, उद्या सांगू. उद्या ती शुद्धीवर येईल, मग सांगू. ती घरी आल्यावर सांगू. असे दिवस गेले आणि सांगण्याची वेळ निघून गेली, असं त्यानं स्वतःला पटवून घेतलं. गाडी मात्र त्यानं दुरुस्त केली, मागची बाजू पहिल्यासारखी उंच केली, आणि त्याचा एक पैसा घेतला नाही. गावात त्याची वाहवा झाली. मल्लम्मा त्याला दर येळवशीला रानात जेवायला बोलावायला लागली. तोही जायचा. न जाऊन काय सांगणार? मान खाली घालून जेवायचा आणि लवकर उठायचा. फाटलेलं टायर त्यानं टाकून दिलं नाही. दुकानाच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलं.

गौरीशंकर त्यानंतर कधी मोटारसायकलवर बसला नाही, ना पुढं ना मागं. डाळमिल सोडली, रानात राबायला लागला. बोलणं तुटक झालं. शिवगंगा उठून चालायला लागली की तो दुसरीकडं बघायचा.

यंदा माघात, तुरीच्या राशी सुरू असताना, एका सकाळी पिकअपमधून तीच गाडी गोरोबाच्या दारात उतरली. बरोबर शिवगंगा होती. बत्तीस वर्षांची बाई, खांद्याला पिशवी, चालताना डाव्या बाजूला झुकणारी.

“काका, ही बसवून पायजे,” ती म्हणाली. “म्या पशुसखी झाले. वाड्या-वस्त्यांवर शेरडांना लस द्यायला जायचंय. जीप तिकडं जात न्हाय, आन् स्कुटीची बारकी चाकं काळ्या रानात रुततात. ही गोठ्यात पडून हाय. चालवाया मला म्हायेरातच येत हुती. आता उभी केली की डावा पाय पोचत न्हाय, एवढंच.”

गोरोबाच्या हातातून फडकं पडलं. ते उचलायला तो वाकला आणि जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला.

“ही गाडी म्या बसवणार न्हाय,” तो म्हणाला.

“का?”

“जुनी झाली. चिमट्यात दम न्हाय.” चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा लोखंडी दांडा. गाडीच्या त्या दांड्याला काहीही झालेलं नव्हतं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की ते लगेच दिसतं. शिवगंगेलाही दिसलं, पण कारण कळलं नाही. तिचा चेहरा उतरला.

“माझा पाय बघून न्हाय म्हणायलाव का? बाईमाणूस पडंल म्हणून? मग उमरग्याला नेते. तिथं कुणीबी करून दील.”

कुणीबी करून दील. हे गोरोबाला ऐकवेना. कोणी तरी दोन तासांत आखूड शॉकअप टाकील, बोल्ट कुठल्या बाजूनं गेला हे बघणार नाही, आणि ही बाई लसीचा डबा बांधून माळावरनं जाईल. “गाडी ऱ्हाऊ दे,” तो घाईनं म्हणाला. “उद्या ये. बगू.”

दुपारी तो घरी जेवायला गेला आणि ताटावर नुसता बसून राहिला. गजराबाईनं भाकरी पुढं ठेवली. सात वर्षांपूर्वी त्यानं फक्त तिला सांगितलं होतं, आणि तिनं ते पदराच्या गाठीत बांधल्यासारखं ठेवलं होतं.

“कोण आलतं?” तिनं विचारलं.

“शिवगंगा. तीच गाडी घेऊन.”

गजराबाई चुलीपुढून उठली आणि त्याच्यासमोर येऊन बसली. “ऐका,” ती म्हणाली. “म्या इतकी वर्सं गप ऱ्हायले. तुमचं नाव जाईल, दुकान बसंल, म्हणून गप ऱ्हायले. त्यात माझाबी स्वार्थ हुता, न्हाय कशाला म्हणू. पर आता तुमी तिची गाडी न सांगता बसवलाव, तर म्या तुमच्या ताटात भाकर वाढणार न्हाय.”

“तिला सांगून तिचा पाय परत येतोय का?”

“न्हाय येत. तरी सांगायचं.”

तो अर्ध्या भाकरीवर उठला.

दुसऱ्या दिवशी शिवगंगा आली तेव्हा त्यानं तिला गाडीवर बसायला सांगितलं. उजवा पाय जमिनीला टेकला. डावा अधांतरी राहिला. जमीन आणि चप्पल यांच्यामध्ये दोन इंच मोकळी हवा. गोरोबा गुडघ्यावर बसून त्या दोन इंचांकडं बघत राहिला. माप घेण्यासारखं काही नव्हतं. ते माप त्याला पाठ होतं.

“पोरी, खाली उतर. बाकड्यावर बस,” तो म्हणाला. मग उभ्यानंच सगळं सांगितलं. चार बोटं, उलटा बोल्ट, सकाळी करू म्हणालो ते, टायरवरची चर. शब्द अडखळत होते, पण त्यानं एकही सोडला नाही. “तुजा पाय माज्यामुळं गेला. गाडीच्या वेगामुळं टायर फुटलं न्हाय. माज्या हातानं फुटलं.”

समोर एक जीप भरून निघून गेली. शिवगंगेचा हात आपोआप मांडीवर गेला, जिथं आत लोखंडी सळई आहे तिथं. ती रडेल, ओरडेल, असं गोरोबाला वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

“आमच्या घरी कुणाला ठावं हाय?” शेवटी तिनं विचारलं.

“कुणाला न्हाय.”

“मग मला कशाला सांगायलाव?” तिचा आवाज चढला. “माझा पाय गेला, काका. तो म्या कवाच रडून घेतला. पर माझा नवरा जित्ता हाय आन् माझ्याकडं बघत न्हाय. सात वर्सं. म्या चालले की तोंड फिरवतोय. म्या किती येळा म्हणले, झालं गेलं, सोडा आता. तो म्हणतोय, तू सावकाश म्हणाली हुतीस. आन् तुमी आमच्या रानात बसून आंबील पीत हुताव!” ती उठली. “गाडी इथंच ऱ्हाऊ द्या. आदी त्येंला सांगा. मला सांगून तुमी सुटायचं न्हाय.”

ती गेली, आणि गोरोबाला पहिल्यांदा नीट कळलं की त्यानं नक्की काय केलं होतं. पायाचं त्याला कळत होतं, रोज कळत होतं. पण गप्प राहून आपण एका धडधाकट माणसाला जन्माची शिक्षा दिली, हे त्यानं आजवर मनाला शिवू दिलं नव्हतं. पोरगा अबोल झाला याचं त्याला वाईट वाटायचं, बाहेरच्या माणसाला वाटावं तसं. त्या वाटण्याची त्याला शिसारी आली.

त्यानं माळ्यावरचं पोतं काढलं, सायकलला बांधलं आणि रानाकडं निघाला. तो वळणावरचा रस्ताच टाळायचा एरवी. आज तिथूनच गेला.

गौरीशंकर खळ्यावर तुरीच्या ढिगाजवळ सूप घेऊन उभा होता. तेहतीस वर्षांचा, पण कानावरचे केस पिकलेले. “काका? या की,” म्हणाला आणि पाण्याचा तांब्या आणायला वळला. “पाणी नगं,” गोरोबा म्हणाला. पोतं सोडून त्यानं टायर तुरीच्या भुश्श्यावर ठेवलं. मग शिवगंगेला सांगितलं होतं ते तिच्या नवऱ्याला सांगितलं.

गौरीशंकर खाली बसला. त्यानं टायर ओढून घेतलं आणि चरीत बोट घातलं. बोट गोल फिरवत फिरवत तो जिथं टायर फाटलं होतं तिथवर आला आणि थांबला.

“म्हंजी वेगानं न्हाय फुटलं.”

“न्हाय. बैलगाडीच्या चालीनं गेला असतास तरी फुटलंच असतं.”

“पर हळू असतो, तर तिला कमी लागलं असतं का?”

इथं गोरोबाला ‘नाही’ म्हणता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. म्हटलं असतं तर त्या पोराच्या मनावरचं सगळंच ओझं एका शब्दात उतरलं असतं. पण सात वर्षं खोटं ठेवून झाल्यावर त्याला आणखी एक खोटं ठेवता येईना.

“ते मला ठावं न्हाय,” तो म्हणाला. “माज्या वाट्याचं मी सांगितलं. तेवढं माजं हाय, आन् ते लई हाय.”

“माफ कर,” म्हणायला त्यानं तोंड उघडलं. गौरीशंकरनं हात वर केला.

“नगा म्हणू.” त्याचा आवाज अगदी खाली आला होता. “दवाखान्यात तुमी माझ्या खांद्यावर हात ठिवला हुता. आठवतंय? मी म्हणलो, काका, म्या तिचं वाटुळं केलं. आन् तुमी काय म्हणलाव? म्हणलाव, धीर धर.”

गोरोबाला आठवत होतं. सायकल हातात धरून तो पायीच गावात आला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि रस्त्यावर ओळखीची माणसं होती, पण त्यानं पुसलं नाही.

दोन दिवस कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच गौरीशंकर शटरपुढं बसलेला होता. शेजारी शिवगंगा, आणि दोघांमध्ये लसीचा डबा.

“गाडी तुमीच बसवायची,” गौरीशंकर म्हणाला. “हात तुमचा चांगला हाय, ते मला ठावं हाय. पर मी हितं बसून बघणार.”

दोन दिवस त्यानं पाहिलं. गोरोबानं आखूड पण कडक स्प्रिंगचे शॉकअप टाकले, पुढचे पाइप वर सरकवले, स्टँड कापून पुन्हा जोडला, सीटचा फोम तासला. प्रत्येक बोल्ट घालायच्या आधी तो गौरीशंकरपुढं धरायचा, डोकं आत, टोक बाहेर. गौरीशंकर बघायचा आणि मान हलवायचा. चहा आला, पण गौरीशंकरनं कप तसाच ठेवला. थंड चहावर साय धरली. गोरोबानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर काम झालं. शिवगंगा गाडीवर बसली. लसीचा डबा मागं बांधला. गोरोबा जमिनीवर पडला आणि तिथूनच म्हणाला, “अजून एक माणूस पायजे मागं. एकटीवर म्या माप धरणार न्हाय.”

समोर जीपवाले होते. कोणीही आलं असतं. गौरीशंकर जागचा उठला, गाडीपाशी आला, आणि थांबला. त्याचा हात सीटवर होता. शिवगंगा मागं वळली नाही. सरळ समोर बघत ती म्हणाली, “बसा.”

तो बसला. गाडी दबली. गोरोबानं खालून बोटं घातली, पुन्हा घातली, दोघांना हलायला लावलं, आणि तिसऱ्यांदा घातली. तीन बोटं जात होती. आत कुठंही टोक नव्हतं, कुठंही काही घासत नव्हतं. “ठीक हाय,” तो म्हणाला.

मग गौरीशंकर उतरला आणि शिवगंगेनं एकटीनं गाडी चालू केली. तहसीलच्या भिंतीपर्यंत ती गेली, वळली, परत आली आणि दुकानापुढं ब्रेक दाबून थांबली. डावा पाय खाली आला. चप्पल पूर्ण टेकली, टाचेसकट.

गौरीशंकर त्या पायाकडं बघत होता. तो नजर फिरवेल म्हणून शिवगंगा सवयीनं वाट बघत होती, पण त्यानं फिरवली नाही. बघता बघता त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो भर रस्त्यात, जीपवाल्यांच्या देखत, लहान लेकरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. तिनं गाडी स्टँडवर लावली, झुकत झुकत त्याच्यापाशी आली आणि त्याचा दंड धरून उभी राहिली. तीही रडत होती. गोरोबा पुढं झाला नाही. त्याला तो हक्क नव्हता.

शांत झाल्यावर गौरीशंकरनं गमछ्यानं तोंड पुसलं आणि गोरोबाकडं आला.

“गाडीचं काम निघालं तर तुमच्याकडंच आणीन,” तो म्हणाला. “दुसऱ्याच्या हातात देणार न्हाय.”

गोरोबानं मान हलवली.

“पर आमच्या घरी आता येऊ नका, काका.”

“बरं,” गोरोबा म्हणाला.

नवराबायको गेले, ती गाडीवर हळूहळू, तो शेजारून पायी. गोरोबानं पाने पुसून पेटीत लावले, शटर ओढलं आणि घरी गेला. गजराबाईनं न विचारता ताट वाढलं. त्या रात्री तो पोटभर जेवला, आणि जेवताना मधेच थांबून म्हणाला की पोरगं घरी येऊ नका म्हणालं ते बरोबरच, त्याच्या जागी मी असतो तर मीही असल्या माणसाला घरात घेतलं नसतं.